सगळ्यांत खालचा कागद

"सिस्टर, दारातला हात काढा," मी म्हणाले.

"डॉक्टर उठले, ताई. एक वाजून गेला. राहिलेल्यांनी पुढच्या गुरुवारी यायचं."

"राहिलेल्यांनी म्हणजे? माझे वडील सकाळी साडेसहाला आलेत. तुमच्या दवाखान्याचं कुलूपसुद्धा निघालं नव्हतं. त्यांच्या आधी इथं फक्त एक कुत्रं होतं."

"कागद जसे येतात तसे मी आत देते. माझ्या मनानं काही करत नाही मी."

"मग करा की कधीतरी मनानं. असलं तर."

घोरपडे सिस्टरांचा चेहरा उतरला, पण दारातला हात काही निघाला नाही. मागच्या बाजूला डॉक्टर खांबेट्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, ते शहरातून आमच्या गावातल्या सेवा मंडळाच्या दवाखान्यात यायचे. नाक, कान, घसा. दहा ते एक. पुढं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं तर त्यांची चिठ्ठी लागायची. चिठ्ठीशिवाय तिथं कुणी उभं करत नसे. आणि त्या चिठ्ठीसाठी आमचा हा तिसरा गुरुवार वाया गेला होता.

"शैला, चल आता," मागून अण्णा म्हणाले. "उगाच तमाशा नको."

बाकावर ते मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते. आवाज खरखरीत, मध्येच तुटणारा. तो आवाज दोन महिन्यांपूर्वी बसला आणि मग उठलाच नाही. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी बॅटरीनं घसा बघितला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे माझ्या आवाक्यातलं नाही. लवकर वरती दाखवा. लवकर म्हणजे लवकर."

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. राग माझ्या नाकावर असायचा. अजूनही असतो, आता फक्त नाकावर चष्मा आलाय. पण त्या वेळच्या रागाला कारण होतं. आईचे डोळे असेच गेले होते. तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, ती म्हणायची दिवाळीनंतर दाखवू, मग संक्रांतीनंतर, मग माझ्या परीक्षेनंतर. दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. चाळिशी ओलांडता ओलांडता माझी आई पूर्ण आंधळी झाली. वरातीमागून घोडं नेण्यात आमच्या घराचा हात कुणी धरला नसता. या वेळी मी ते होऊ देणार नव्हते.

घरी आलो तेव्हा आई ओट्याशी तांदूळ निवडत बसली होती. खडे ती बोटांनी ओळखायची, आणि डोळे असलेल्या माणसांपेक्षा चोख.

"नाही लागला नंबर," तिनं आम्ही चपला काढतानाच सांगून टाकलं.

"तुला कसं कळलं?"

"लागला असता तर तू आधी बोलली असतीस. तुझे पाय आपटल्याचं ऐकू आलं."

जेवणं झाल्यावर अण्णा पेपर घेऊन तिच्याजवळ बसले. आमच्या घरी हा नेम होता. डोळे गेल्यापासून गेली आठ वर्षं, रोज तीन वाजता अण्णा तिला पेपर वाचून दाखवायचे. अग्रलेखात तिला रस नव्हता. कोर्टाचे खटले, हरवलेली माणसं, कुणाचं कुठं निधन झालं आणि त्यांच्या मागे किती नातवंडं आहेत, हे सगळं तिला शब्द न् शब्द लागायचं. मध्येच ती म्हणायची, "परत वाचा, तो सासरा काय म्हणाला?" आणि अण्णा सासऱ्याच्या आवाजात परत वाचायचे. त्या दिवशी त्यांनी एक खटला वाचला, अर्ध्यात खोकले, आणि पेपर घडी करून ठेवला. आईनं तांदळाचं ताट परत पुढं ओढलं.

"मी तक्रार करणार आहे," मी म्हटलं. "मंडळाच्या सेक्रेटरींना. अण्णा, तुम्ही मसुदा करून द्या. तुमच्यासारखं लिहायला कुणाला येतंय?"

अण्णा पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक लिपिक होते. अनंत हसबनीसांचं अक्षर बघायला म्हणे इंजिनिअर लोक खाली यायचे. कचेरीतल्या गमती सांगायला लागले की आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. फाइल कशी अडवायची, हा त्यांचा आवडता किस्सा. ते म्हणायचे, "फाइल लपवायची नाही, कुलपात ठेवायची नाही. सगळ्यांच्या आधी नेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवायची. मग वर दुसऱ्या पडत जातात. साहेब वरची उचलतो. आपली खाली झोपलेली. आणि कुणी विचारलंच तर छातीला हात लावून सांगता येतं, साहेब, आमची तर सर्वांत आधी आली होती."

"करून देतो मसुदा," अण्णा म्हणाले. पण सोमवारपर्यंत त्यांनी कागदाला हात लावला नाही. तारीख बघायला हवी, कुणाला उद्देशून ते ठरवायला हवं, तक्रार कशी मुद्देसूद हवी. शेवटी मीच लिहिली आणि मीच नेऊन दिली. घोरपडे सिस्टर ओळखीपाळखीच्या माणसांना पुढं सोडतात, माझ्या वडिलांचा कागद मुद्दाम मागे ठेवतात, असं सरळ लिहिलं. सेक्रेटरींनी सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी आमच्या शाळेला यात्रेची स्थानिक सुट्टी होती. एरवी मी शाळेत हजेरी घेऊन, अर्ध्या रजेवर अकराला पोचायचे. त्या दिवशी साडेनऊलाच गेले. अण्णा नेहमीप्रमाणे साडेसहाला येऊन बसले होते. बाकं भरली होती. खिडकीत एक पत्र्याचा ट्रे होता, त्यात केसपेपरांचा गठ्ठा. जो येईल तो आपला कागद त्यावर ठेवायचा आणि बसायचा.

दहाला दहा मिनिटं कमी असताना तांबोळी कंडक्टर आले. त्यांचा कान वाहायचा, दर आठवड्याला साफ करायला यायचे, मी त्यांना आधीही कान साफ करून जाताना पाहिलं होतं. समोरच्या टपरीवरचा चहा संपवून, मिशा पुसत, आरामात आले आणि त्यांनी कागद ट्रेमध्ये टाकला.

"झाला का नंबर पहिला?" मी खोचकपणे विचारलं. "मागच्या वेळीही तुम्ही आमच्या मागून येऊन आमच्या आधी गेलात. सिस्टर नात्यातल्या आहेत का?"

ते हसले. "ताई, नवीन दिसता. कसलं नातं? त्या ट्रेकडं बघा की जरा. दहाला सिस्टर हा गठ्ठा उचलतात आणि आहे तसा नेऊन डॉक्टरांपुढं ठेवतात. डॉक्टर वरचा कागद घेतात. शेवटी आलेला पहिला. पहाटे येणारा बसतो एकपर्यंत. नेहमीचे लोक पावणेदहाशिवाय येतच नाहीत. तो चहावाला आमच्यावरच जगतो."

मी ट्रेकडे बघत राहिले. इतकी साधी गोष्ट. सिस्टर खोटं बोलत नव्हत्या, जसे कागद येत होते तसेच त्या देत होत्या. माझ्या तक्रारीतलं एक वाक्यही खरं नव्हतं. पण ती लाज नंतर आली. आधी आनंद झाला, गणित सुटल्याचा.

"अण्णा," मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "कळलं मला. आपण लवकर येतो म्हणूनच आपला नंबर लागत नाही. गठ्ठा उलटा जातो आत."

"असं होय," अण्णा म्हणाले.

एवढंच. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला. एकतीस वर्षं कागदांच्या ढिगाशी संसार केलेला माणूस, आणि नुसतं असं होय.

"थांबा, मी आपला कागद खालून काढून वर ठेवते," म्हणून मी वळले. तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. इतक्या जोरात त्यांनी मला लहानपणीसुद्धा कधी धरलं नव्हतं.

"दुसऱ्याचा नंबर मोडायचा नाही."

"कुणाचा मोडतोय? आपण सगळ्यांच्या आधी आलोय."

"नाही म्हटलं ना."

तेवढ्यात खिडकीतून सिस्टरांचा हात आला आणि गठ्ठा आत गेला. अण्णांनी मनगट सोडलं, पिशवी उचलली आणि ते बाहेर चालायला लागले. मी त्यांच्या मागं. कालव्याच्या पुलापर्यंत आम्ही तसेच चालत गेलो. तिथं ते कठड्यावर बसले. खाली पाणी सुटलेलं होतं, शेतीच्या आवर्तनाचं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

ते पाण्याकडे बघत होते.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून साडेसहाला जात होतात. मी बिचारी तिकडे त्या बाईच्या अंगावर ओरडत होते, तिच्याविरुद्ध लिहून दिलं मी, आणि तुम्ही बाकावर बसून बघत होतात. का अण्णा? घसा कुणाचा आहे? माझा?"

"भाऊकाका आठवतो तुला?"

भाऊकाका अण्णांचे थोरले भाऊ. सात वर्षांपूर्वी त्यांचाही आवाज असाच गेला होता. अशीच चिठ्ठी घेऊन ते शहरात गेले आणि महिन्यानं परत आले ते गळ्याला भोक घेऊन. पुढं चार वर्षं जगले. गळ्यात दोरीनं बांधलेली पाटी असायची, तिच्यावर खडूनं लिहायचे. भाजीत मीठ कमी, पंखा लाव, पोरांना गप्प कर. काकू वाचायच्या आणि पदरानं पुसायच्या.

"आठवतात," मी म्हटलं. "चार वर्षं जगले ना ते? ऑपरेशन झालं म्हणूनच जगले."

"जगला. पाटीवर जगला." अण्णांचा आवाज पुन्हा तुटला. "त्याची बायको वाचत होती, शैला. माझी पाटी कोण वाचणार?"

मी त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले. 

"तिला माझा चेहरा दिसत नाही," ते म्हणाले. "मी खोलीत आहे का नाही, तेही आवाजावरून कळतं तिला. तो गेला की तिच्या दृष्टीनं मी मेलोच. मग खरंच मेलेलं काय वाईट? तेवढे दिवस तरी बोलेन तिच्याशी."

"किती दिवस? आत्ताच अर्धा खटला वाचून होत नाही तुम्हाला. आणि नंतर तिनं कुणाशी बोलायचं? माझ्याशी? मी दिवसभर शाळेत." मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. "तुम्ही दोघं सारखेच आहात. तिनं दिवाळी-संक्रांत केली, तुम्ही गुरुवार करताय."

ते उठले आणि पुढे चालू लागले. आईला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं नाही. बजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

घरी गेल्या गेल्या मी आईला सगळं सांगितलं, अण्णांच्या समोर. ट्रे, साडेसहा, भाऊकाकांची पाटी, सगळं. मला वाटलं ती रडेल. ती ताटातल्या तांदळात हात घालून म्हणाली, "हरवलेल्यांच्या जाहिराती वाचायचं त्यांनी महिन्यापूर्वीच सोडलं. म्हणतात, आज नाहीत आलेल्या. रोज कसे नाही हरवत कुणी? तेव्हाच ओळखलं मी. श्वास पुरत नाही यांना."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, हे कधी सांगतात." मग ती अण्णांच्या दिशेला तोंड करून बसली. "अहो, इकडे या."

अण्णा आले. तिनं हात झटकून पदराला पुसला आणि उजवा तळवा त्यांच्यापुढं धरला.

"मी काय जन्मापासून आंधळी आहे? सातवी पास झालेय. अक्षरं डोळ्यांतून गेली असतील, डोक्यातून नाही गेली. लिहा इथं."

"काय लिहू?"

"बोलू नका. लिहा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तिचा हात आपल्या डाव्या हातात धरला आणि बोटानं तळव्यावर लिहायला लागले. आधी एकदम भराभर लिहिलं.

"हळू," आई म्हणाली. "गुदगुल्या होतात. आणि मोठं लिहा."

त्यांनी परत लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. आईची मान तिरकी झाली होती, खडा लागल्यावर व्हायची तशी.

"भी," ती म्हणाली. "वेलांटी पहिली का दुसरी? दुसरी. भी... ती. भीती. पुढं? वा... ट... ते."

अण्णांचं बोट थांबलं. आईनं मूठ मिटली, ते बोट आतच धरून.

"मलाही," ती म्हणाली. "गुरुवारी मी येते."

पुढच्या गुरुवारी आई दवाखान्यात आली, डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच. खिडकीजवळचं बाक तिनं मला शोधायला लावलं. अण्णांचा केसपेपर, मागच्या गुरुवारी आत राहिलेला परत मागून घेतलेला, तिच्या मांडीवर, त्यावर तिचे दोन्ही हात. अण्णा तिच्या शेजारी. पावणेनऊ झाले होते.

"ठेव तो ट्रेमध्ये," अण्णा पुटपुटले.

"ठेवते."

नऊ वाजले. माणसं येत होती, कागद ठेवत होती. कागद पडल्याचा आवाज आला की आई बोटं मोजायची. साडेनऊ. अण्णांचे पाय हलायला लागले. एकदा ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. मला वाटत होतं की आता हे तिच्या मांडीवरून कागद ओढतील आणि घरी चालायला लागतील. मी दाराच्या बाजूला सरकून उभी राहिले.

दहाला पाच कमी असताना तांबोळी आले. ते खिडकीशी थांबले, आईच्या हातातला कागद त्यांनी पाहिला आणि आपला कागद हातातच ठेवला. जुना मुरलेला माणूस, सगळ्यांच्या वर जायचं त्यांनाही ठाऊक. दोघंही थांबून राहिले.

"कोण उभं आहे?" आईनं विचारलं.

"कंडक्टर आहेत," मी म्हटलं. "त्यांचा कागद राहिलाय."

"ठेवा की तुमचा," आई त्यांना म्हणाली.

"तुम्ही ठेवा, काकू. तुम्ही आधी आलाय."

"आधी आलो म्हणूनच चार गुरुवार गेले, बाबा."

तांबोळींनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग अण्णांकडे. त्यांनी आपला कागद ट्रेमध्ये ठेवला. आत घड्याळाचे ठोके पडायला लागले आणि खिडकीत सिस्टरांचा हात आला. आई उठली. तिनं हात पुढं करून ट्रेची कड चाचपली, गठ्ठा चाचपला, आणि अण्णांचा कागद सगळ्यांत वर ठेवून तळव्यानं दाबून बसवला.

"झालं," ती म्हणाली. "न्या."

पाच मिनिटांत आतून हाक आली, हसबनीस.

डॉक्टर खांबेट्यांनी कपाळाला आरसा लावला, अण्णांची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, आत बघितलं. फार वेळ बघितलं. मग आरसा वर केला.

"किती दिवस आहे हे?"

"अडीच महिने होत आले," मी सांगितलं.

"आणि आज येताय? स्वरयंत्रावर गाठ आहे. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी तर सव्वा महिन्यापूर्वीची दिसतेय. इतके दिवस कुठं होतात?"

डॉक्टर दाराकडे वळले, तिथं घोरपडे सिस्टर उभ्या होत्या. "सिस्टर, हा पेशंट चार गुरुवार बाहेर बसून आहे? तो सेक्रेटरींकडचा अर्ज याचाच ना?"

सिस्टरांनी खाली मान घातली. खरं काय ते त्या खोलीत मला माहीत होतं. मी तोंड उघडायला हवं होतं, तीन गुरुवार तिथंच उभी राहून उघडत होते. आणि त्या दिवशी मी गप्प राहिले. आपली तक्रार खोटी ठरेल, एवढ्यासाठी गप्प राहिले.

अण्णा स्टुलावरून उठले.

"साहेब," ते म्हणाले, "यांची चूक नाही." पुढचा श्वास घ्यायला त्यांना वेळ लागला. "कागद मी मुद्दाम खाली ठेवत होतो. मी कारकून आहे. मला कळत होतं. यांच्यावरची तक्रार काढून टाका."

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"आधी आलो असतो तर आवाज वाचला असता का?" आईनं दाराजवळून विचारलं.

"कदाचित नुसत्या किरणांच्या शेकानं भागलं असतं. कदाचित नसतंही. आता सांगता येणार नाही, बाई."

ते ‘कदाचित’ अण्णा पुढं किती वेळा मनात बोलले असतील, ते माहीत नाही. बारा दिवसांनी ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. जो वाचवायला ते चार गुरुवार पहाटे उठून जात होते, तोच. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा आईचा हात शोधला. काय लिहिलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "अक्षर तसंच आहे."

घरी आल्यावर मी घोरपडे सिस्टरांकडे गेले, माफी मागायला. त्या म्हणाल्या, "बसा, चहा घ्या." तेव्हापासून त्या गठ्ठा उलटा करून आत न्यायला लागल्या. चहावाला माझ्यावर नाराज झाला.

अण्णा पुढं अकरा वर्षं जगले. रोज तीन वाजता पेपर घेऊन बसायचे. आख्खा पेपर तळव्यावर कोण लिहिणार, म्हणून ते निवडून लिहायचे, आणि आई मोठ्यानं वाचायची. मी शाळेतून आले की ओसरीतूनच ऐकू यायचं. "नातवंडं सहा? बरं. पुढं?" कधी भांडणही व्हायचं. अण्णांनी काही वेडंवाकडं लिहिलं की ती मूठ घट्ट मिटून घ्यायची. "मला नाही ऐकायचं," म्हणायची. मग अण्णांचा काही इलाज नसायचा. ते तिच्या शेजारी बोट तसंच धरून बसायचे, मूठ उघडेपर्यंत. नंबर लागायची इतकी वाट त्यांनी दुसरीकडे कुठं बघितली नाही.